सातवं बाड

१

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय सांभाळणाऱ्या नूतनने कपाट उघडलं, तेव्हा आत दहाच बाडं होती. आदल्या दिवशी अकरा होती.

तिने पोलिसांना फोन केला नाही, मला केला. पोलीस आले की पहिला प्रश्न तिलाच विचारणार, एवढं तिला कळत होतं. "देवरावभाऊ, सातवं गेलं," एवढंच ती म्हणाली. मी चहा तसाच टाकून निघालो. घर बंद करायला मला वेळ लागत नाही, कारण मागे थांबायला कोणी नसतं.

मी देवराव रामटेके. चौतीस वर्षं चामोर्शीला कोर्टात नक्कल-कारकून होतो. लोकांच्या भांडणांचे कागद हुबेहूब उतरवायचे, खाली शिक्का मारायचा, की झाली नक्कल. स्वतःचं एक वाक्य घालायचं नाही आणि दुसऱ्याचं एक गाळायचं नाही. अशा नोकरीत माणूस अक्षर ओळखायला शिकतो आणि बोलायला विसरतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा राजदीप पुण्याला असतो. रविवारी फोन करतो, इकडचं ऊन विचारतो आणि ठेवतो. म्हणून मी रोज वाचनालयात जाऊन बसतो. तिथे निदान पंखा तरी दोघांसाठी फिरतो.

वाचनालय कोंतमवार वकिलांच्या नावाचं आहे. गोविंदराव कोंतमवार. १९०९ साली सनद घेऊन त्यांनी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, कचेरीत वकिली सुरू केली. आधी जमीनदारांची कामं केली आणि नाव कमावलं. मग काय झालं कोण जाणे, माणूस पार फिरला. १९२३ साली नागपूरच्या कौन्सिलात निवडून गेला आणि तीन वर्षं एकाच विषयावर बोलला. जंगलातल्या लोकांकडून फुकट राबवून घेतात ती बेगार बंद करा, आणि त्यांचा निस्तार, म्हणजे जळण, बांबू, चराईचा हक्क त्यांना द्या. पुढच्या निवडणुकीत तो आपटला. त्या काळी मत होतं ते सारा भरणाऱ्यांना. ज्यांच्यासाठी वकील बोलला त्यांना मत नव्हतं, आणि ज्यांना मत होतं त्यांच्याच विरुद्ध तो बोलला होता. पक्षकार तुटले, नातेवाईक तुटले. शेवटची आठ वर्षं तो एका खोलीत कागद शिवत बसला. दोऱ्याने शिवलेली, लाल फडक्यात बांधलेली अकरा बाडं, एवढाच त्याचा संसार उरला.

त्यातलं सातवं बाड १९२४ सालचं. मुरमहेटीच्या सदतीस माणसांनी बेगारीविरुद्ध केलेला अर्ज त्यात होता. त्या कागदावर आज सहा घरांची जमीन टांगलेली होती, आणि सुनावणी परवा होती.

२

ही सहा घरं कांता दुर्गेच्या भावकीची. आम्ही बौद्ध. वनहक्काच्या कायद्यात आदिवासींना वहिवाट दाखवली की पुरे. आमच्यासारख्यांना मात्र तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, तिथेच राहिल्याचं सिद्ध करावं लागतं. गरिबाकडे पंचाहत्तर वर्षांचं काय असतं? कर्णाचं कवच असेल, कागद नसतो. कांताने मात्र हा अर्ज शोधून काढला. दहावी झालेली बाई. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते, पावसाळ्यात धान लावते आणि मधल्या वेळात कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते. दाव्याला तिने झेरॉक्स जोडली होती. समितीने कळवलं, की झेरॉक्स चालणार नाही, मूळ कागद आणून दाखवा, आणि सोबत दुसरा एखादा पुरावाही आणा.

मी कपाट पाहिलं. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली वकिलांच्या फोटोमागे खिळ्याला असते आणि ते अर्ध्या गावाला ठाऊक आहे. दुपारी एक ते तीन नूतन जेवायला घरी जाते, तेव्हा दाराला नुसती कडी असते, म्हाताऱ्यांना पेपर वाचता यावा म्हणून.

बाडं मी एकेक करून टेबलावर मांडली. प्रत्येकावर नूतनने आकडा आणि साल लिहून चिठ्ठी डकवली आहे. फडक्यावरून सुतळी घेऊन ती फुलगाठ बांधते, बुटाच्या नाडीला बांधतात तशी. आठ ते अकरा नंबरांवर तिच्या फुलगाठी होत्या. एक ते सहा नंबरांवर नव्हत्या. तिथे सुतळीला पीळ देऊन टोक आत खोचलेलं होतं.

मी नूतनला विचारलं, या गाठी तू सोडल्यास का. ती नाही म्हणाली आणि रडायला लागली. तिची नोकरी कंत्राटी. कोणी बोट दाखवलं तरी जाईल अशी. मी तिला पाणी दिलं. सांत्वनाचे शब्द मला वेळेवर सुचत नाहीत, म्हणून पेल्यात अजून थोडं पाणी ओतलं.

मग तिने एक गोष्ट सांगितली. पंधरा दिवसांपूर्वी धनराज कोंतमवार आला होता आणि म्हणाला होता, की बाडांतले काही कागद जगासमोर यायला नकोत.

३

धनराज हा वकिलांचा पणतू. त्याचं कृषी केंद्र आहे. पणजोबा कौन्सिलात गेल्याला शंभर वर्षं झाली म्हणून तो स्मरणिका छापतोय, हे सगळ्या चामोर्शीला पाठ झालं होतं.

मी खताच्या पोत्यांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेलो आणि सरळ विचारलं. तो आधी हसला, मग घामाघूम झाला. शेवटी दुकानातल्या पोऱ्याला चहाला पिटाळून हळूच म्हणाला, "कागद मी नेले, भाऊ. कोनाले सांगू नका."

मला वाटलं, सुटलं कोडं. त्याने बियाण्याच्या कॅटलॉगमधून तीन कागद काढले. मी पाहिले. ते सातव्या बाडातले नव्हतेच, तिसऱ्यातले होते. १९१२ सालच्या एका दाव्याचे. जमीनदाराच्या वतीने बेगार न करणाऱ्या लोकांवर दावा लावला होता आणि तो जिंकणारा वकील होता गोविंदराव कोंतमवार. हरलेल्यांचं गाव मुरमहेटी.

धनराज मान खाली घालून बसला. म्हणाला, की स्मरणिकेत हे कसं छापू? लहानपणापासून त्याने एकच ऐकलं होतं, की आपला पणजोबा गरिबांचा कैवारी. मी त्याला म्हटलं, की हे नाही छापलंस तर तो पुढे एकटा का पडला ते कोणाला कळणारच नाही. आधी ज्यांना हरवलं, त्यांच्याच दारात हा माणूस बारा वर्षांनी अर्ज लिहून घ्यायला गेला. त्या दारात उभं राहायला काय लागलं असेल, विचार कर.

धनराजने कागद परत दिले. खोटं बोलण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. शिवाय माझ्या डोक्यात त्या गाठी होत्या. धनराज आयुष्यात नायलॉनच्या पट्टीशिवाय काही बांधत नाही. तो पीळ आणि ती खोच मी कुठे पाहिली होती, ते मला दुकानाच्या पायरीवरून उतरताना आठवलं. तेंदूपत्त्याचा पुडा असाच बांधतात. गाठ मारत नाहीत, पीळ देऊन टोक खोचतात.

म्हणजे चोर जंगलाकडचा होता. ज्या गावातली घरं या चोरीने बुडणार होती, बहुधा त्याच गावचा.

४

मी बसने मुरमहेटीला गेलो. फाट्यावर उतरून दोन कोस पायी. वाटेत मोहाची पानं गळत होती आणि माणूस म्हणून मी एकटाच होतो. अशा वेळी मी नकला आठवतो, तोंडपाठ असलेल्या. कोणीतरी बोलतंय असं वाटतं.

कांता अंगणात धान पाखडत होती. जयभीम झाला. बाड गेल्याचं तिला सांगितलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "गेलं तं गेलं, भाऊ. आमचं काई टिकतच नाई." तिच्या तोंडून हे ऐकताना मला फार वाईट वाटलं, कारण ही बाई हरणाऱ्यांतली नव्हती.

बाजाराच्या दिवशी चामोर्शीला कोण कोण गेलं होतं, ते मी विचारलं. ती नव्हती गेली. भावकीतले सगळे आष्टीला लग्नाला गेले होते. तेवढ्यात तिला हसू आलं. पत्रूबाबा गेला होता म्हणे, दोन वर्षांत पहिल्यांदा, एकटाच. अख्खा दिवस घालवून म्हाताऱ्याने आणलं काय, तर मिठाची एक पुडी.

पत्रू नैताम हा शेजारच्या झोपडीतला गोंड म्हातारा. पंच्याऐंशीच्या पुढचा. दोन्ही मुलं गेली, म्हातारी गेली. कांता रोज दोन वेळा त्याला ताट नेऊन देते आणि ताटासोबत थोडं भांडणही नेते, म्हणजे त्याचा वेळ जातो. गावात सर्वांत जुना तोच. त्याने जबाब दिला असता तर दुसरा पुरावा तिथेच मिळाला असता, पण साहेबासमोर उभं राहायचं म्हटलं की तो जंगलात निघून जायचा.

मी अंगणातल्या खाटेवर बसलो आणि हिशोबाशिवाय जे कारकुनाला येतं ते केलं, ओळीने लावत गेलो.

चोराने एकपासून सहापर्यंतची बाडं सोडून पाहिली आणि पुन्हा बांधली. सातवं नेलं. पुढची उघडलीच नाहीत. ज्याला वाचता येतं तो चिठ्ठीवरचा आकडा बघून थेट सातव्याला हात घालेल. नूतनने तर चिठ्ठ्या स्वतःच लिहिल्या होत्या. धनराजला साल पाठ होतं. कांताला आकडाही ठाऊक होता. म्हणजे चोराला वाचता येत नव्हतं, तरी योग्य कागद दिसल्याबरोबर त्याने ओळखला.

तो कागद न वाचता ओळखता येत होता. कारण अर्ज करणाऱ्यांनी सही म्हणून निशाण्या काढल्या होत्या, आणि कचेरीच्या कारकुनाने त्याही जशाच्या तशा उतरवल्या होत्या. कोणाचा नांगर, कोणाची कुऱ्हाड, कांताच्या पणजोबाची घुंगुरकाठी. तीन आठवड्यांपूर्वी मी ते पान ज्यांना दाखवलं होतं, ते तिघंच: नूतन, कांता आणि तिच्यासोबत आलेला पत्रू. कुऱ्हाडीवर बोट ठेवून मीच त्याला म्हटलं होतं, की हा तुमचा आजा.

चोर कळला. पण का? कांताचं भलं व्हावं असं ज्याला सर्वांत जास्त वाटायला हवं, त्यानेच तिचा घास का पळवावा? त्या दिवशी वाचनालयात आणखी काय बोलणं झालं, ते मी आठवू लागलो. आणि माझेच शब्द माझ्या कानात वाजले.

५

मी म्हणालो होतो, "कांताबाई, हा अस्सल कागद नाही. ही नक्कल आहे."

माझ्या दृष्टीने ती आनंदाची बातमी होती. मूळ अर्ज कचेरीत कधीच वाळवीने खाल्ला होता. वकिलाने त्याची शिक्क्यानिशी नक्कल काढून ठेवली होती म्हणून तो वाचला. चौतीस वर्षं मी त्या शब्दावर भाकर खाल्ली. आमच्या कोर्टात नक्कल म्हणजे अस्सलच्या पाठोपाठचा मान.

पण कोर्टाबाहेर जग आहे, हे कारकुनाच्या लक्षात राहत नाही. इकडच्या बोलण्यात अर्धी हिंदी. नक्कल म्हटलं की ऐकणाऱ्याला नकली ऐकू येतं. मी ते बोललो आणि पत्रू उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. बसस्टँडवर त्याने मला विचारलं होतं, की त्या मास्तराला किती वर्षांची सजा झाली? खोट्या दाखल्यावर नोकरी केली म्हणून त्यांच्या भागातल्या एका मास्तराला पोलीस घेऊन गेले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याची बडबड.

पत्रू झोपडीच्या दारात बसला होता. मी शेजारी टेकलो. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "धानाच्या ढोलीत हाये. पानीगिनी नाई लागलं."

मी विचारलं, जाळलं का नाही? तो म्हणाला, त्यात आजा आहे. आजाला कसं जाळणार?

मग तो आपणहून बोलू लागला. "तिले नेलं असतं, भाऊ, मास्तरासारखं. जमीन गेली तं जंगलात कांदं-मुळं खोदून खाऊ. ते गेली तं मायासंग कोन बोलन? दिवसभर मी आयकत बसतो, तिच्या भांड्याचा आवाज कदी येते म्हनून."

त्याला समजावून सांगायला हवं होतं. नक्कल म्हणजे काय, शिक्का म्हणजे काय. पण तो भांड्यांचा आवाज माझ्या घरातही सहा वर्षं झाला नव्हता. मी सोपं केलं. म्हटलं, "पत्रूभाऊ, तुम्ही चुकीचं ऐकलं. तो कागद अस्सल आहे."

"अस्सल?"

"अस्सल."

त्याने उठून ढोलीत हात घातला आणि बाड माझ्या मांडीवर ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकं सुख दिसलं, की खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. चौतीस वर्षांत मी एक शब्द बदलला नव्हता. पहिला बदलला तो इथे.

बाड कुठे सापडलं ते मी कांताला सांगितलं, कारण लपवणं बरं नव्हतं. तिने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला बसली. त्या संध्याकाळी त्याच्या ताटात भाजी जरा जास्त होती, एवढंच मला दिसलं.

६

सुनावणीच्या खोलीत सहा घरांतली माणसं दाटीने बसली होती. पत्रूही आला होता, हे मला आत गेल्यावर कळलं. कागद अस्सल म्हटल्यावर त्याला साहेबाची भीती राहिली नव्हती. मागच्या बाकाच्या टोकाला धोतर सावरून बसला होता.

समितीच्या अधिकारी बाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी पानं उलटली, निशाण्यांवर जरा थांबल्या. मी बाड आणणारा, म्हणून मला पुढे बोलावलं. जबाब लिहून घेत आहोत, विचार करून सांगा, असं म्हणाल्या. मग विचारलं, "हा कागद अस्सल आहे का?"

मी मागे वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

"नाही मॅडम. नक्कल आहे."

पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं, शिक्क्याचं. तेवढ्यात मागचा बाक सरकला.

"मी केलो," पत्रू म्हणाला. तो बाकाला धरून उभा राहिला. "तो नकली कागद मी केलो, साहेब. ते बाई काई नाई जाने."

खोलीत कोणीतरी हसलं. बाईंनी वर पाहिलं आणि तुम्हाला लिहिता येतं का, असं शांतपणे विचारलं. तो नाही म्हणाला. मग कागद कसा केला?

"तरी मीच केलो. मले न्या. तिले नोका नेऊ." हसू थांबलं होतं. तो आता कोणाकडे पाहतच नव्हता. "ते कुठून आल्ली नाई, इथलीच होय. माया बाप वाघानं नेला तवा मी एवढासा होतो. तिच्या आज्यानं मले खांद्यावर बसवून मार्कंड्याची जत्रा दाखवली. त्याचा बाप बी मी पाह्यलो, आंधळा झाल्ता, चिचीखाली बसून राहे. नाल्याकडची धानाची बांधी त्यायनं काढली, माया आज्यानं अना त्यायनं, दोघांनी मिळून. माया आजा सांगे, एक वकील आल्ता, चिचीखालीच सतरंजी टाकून बसला. म्हने मी तुमाले एकदा हरवलो, आता मले माफ करा. कोनीच बोललं नाई त्याच्याशी. मंग तिच्या पनज्यानं त्याले पानी देल्लं." तो थांबला. "हे सारे तिथलेच होत, साहेब. तुमी मलेच न्या."

बाईंनी कारकुनाला हाताने खूण केली. तो कधीपासूनच लिहीत होता.

मग मी बोललो. नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे. कचेरीने खरा कागद समोर ठेवून उतरवलेला, शिक्का मारलेला कागद. प्रत्येक पानावर चांद्याच्या कचेरीचा शिक्का आहे. हे मी बाईंना सांगत होतो, पण उभा होतो पत्रूकडे तोंड करून. आणि शेवटी तेही सांगितलं, की परवा याच माणसाशी मी खोटं बोललो, कारण खरं समजावून सांगायचा धीर मला झाला नाही. बाई म्हणाल्या, ते लिहून घ्यायची गरज नाही. मला वाटलं, होती.

त्यांनी पत्रूचं नाव विचारलं, वय विचारलं. चीनच्या लढाईच्या साली त्याला दोन लेकरं होती, एवढंच त्याला सांगता आलं. कारकुनाने जबाब वाचून दाखवला. कागद एक, वयोवृद्धाचा जबाब दोन. सहाही दावे मान्य करून जिल्ह्याला पाठवत आहोत, असं बाई म्हणाल्या, आणि कांताने पदर तोंडाला लावला.

कारकुनाने पत्रूचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. पत्रूने विरोध केला नाही. त्याला एकही अक्षर पटलेलं नव्हतं, हे मला त्याच्याकडे पाहून कळलं. इतक्या लोकांनी इतकं लिहून घेतलं, अंगठा घेतला, म्हणजे आता नेणारच. शाई धोतराला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून तो दारापर्यंत आला आणि थांबला.

"आता मले कुठी नेता?"

"घरी," कांता म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ज्याने एकदा फसवलं त्याला विचारावं तसं, नीट निरखून.

"घरी, पत्रूभाऊ," मी म्हणालो. "हे खरं आहे."

त्याने थोडा वेळ विचार केला. मग स्वच्छ हाताने माझं मनगट धरलं, सोडलं नाही, आणि आम्ही तिघं बसस्टँडकडे निघालो.